सावंतवाडीच्या गंजिफा: व्यंगचित्र की हाताची घाई?

टपोरे डोळे, आखूड मान, धडाच्या मानाने थोराड डोके. सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, जुना दशावतारी संच समोर आला की ‘ही तर राजाची थट्टा’ असा शेरा ठरलेला. तो पटण्याजोगा नाही. पण का, हे समजायला चित्रापेक्षा आधी हिशेब पाहावा लागतो.

संचात १२० पत्ते, दहा रंग, विष्णूच्या दर अवताराला एक. त्यातले १० राजे आणि १० प्रधान बाजूला ठेवले तरी एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १०० पाने उरतात आणि त्यांवर एकूण ५५० चिन्हे हाताने काढावी लागतात. मासे, कासवे, शंख, चक्रे, परशू. दरबारी कलमेत, म्हणजे दरबारासाठी रंगवलेल्या संचांत, प्रत्येक माशाला खवले काढायला सवड होती, कारण पैसे मोजणारा दरबार होता. बाजार कलमेत, म्हणजे बाजारात विकायच्या साध्या संचांत, दोन वळणे आणि एक ठिपका झाला की मासा झाला. राजाच्या चेहऱ्यालाही हाच न्याय. एका बाजूने दिसणारा चेहरा, त्यात एकच मोठा डोळा: फटकारे कमी लागतात आणि दिव्याच्या उजेडातही ओळख पटते. शिवाय पत्ता गोल. उभी सडपातळ आकृती काढली तर दोन्ही बाजू मोकळ्या पडतात. म्हणून राजा बसका होतो, खांदे पसरतात, डोके वाढते. यात कोणाची टिंगल नाही. ‘बाजार कलम’ या नावात तुच्छता नंतर मिसळली. खरे तर कमी रेषांत भागवण्याचे कसब बाजारी संचांतच जास्त दिसते, आणि दरबारी पानांपुढे ते संच उगाच दुय्यम ठरवले जातात.

बारकावे टिकण्याचाही प्रश्न होता. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा हात द्यायचा, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचे, चकत्या कापायच्या, रंगवायचे आणि वर लाखेचा लेप. खडूचा थर जाड झाला तर पत्ता वाकताच तडा जातो, आणि तो नेमका चेहऱ्यावर दिसतो. एकाच बाजूला लेप दिला तर पत्ता वाटीसारखा वळतो, म्हणून पाठही लेपावीच लागते, तीही एकरंगी. पाठीवर एखादा वेगळा डाग राहिला तरी तो पत्ता खेळणाऱ्यांना पाठ होतो. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत लाख चढवली तर तिच्यावर पांढुरकी झाक येते आणि खालची बारीक रेषा मंदावते. खळीला कसर लागते ती वेगळीच.

त्यात खेळ तिघांचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. एवढी गोल पाने हातात पसरली की प्रत्येकाची जेमतेम कडा दिसते. पान कोणत्या अवताराचे हे ओळखायचे ते जमिनीच्या, म्हणजे चित्रामागच्या, रंगावरून. मधल्या चेहऱ्यावर कितीही तिरकस भाव आणला तरी तो पान पडल्यावर क्षणभर दिसणार. दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडायचा, हे लक्षात ठेवणाऱ्या खेळाडूला राजाच्या नाकाशी काय देणे-घेणे? थोडा खट्याळपणा आहे तो क्रमात: निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्यांत एक्का दश्शीला मारतो.

चेष्टेची सोय याच मुलखात दुसरीकडे होती. दशावतारी नाटकात काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलून समोरच्यांची फिरकी घेतो. तेच अवतार पत्त्यावर आले, पण संकासुराची जीभ काही पत्त्यावर आली नाही.

पत्त्यांवरचा खरा उपहास छापखान्यातून आला. १७२० मध्ये लंडनला समभागांचा फुगा फुटला तेव्हा पानापानावर एकेका फसव्या कंपनीची चित्रातून आणि चार ओळींच्या पद्यातून खिल्ली उडवणारे संच निघाले. १७९३च्या सुमारास फ्रान्सने राजेच पत्त्यांवरून काढून टाकले. तो मात्र विनोद नव्हता, फर्मानाचा काळ होता. बदामचा राजा डोक्यात तलवार खुपसून घेतो, यालाही लोक थट्टा समजतात. नकलेवरून नक्कल कोरताना त्याच्या कुऱ्हाडीचे पाते हरवले, एवढेच. मिशीही तशीच गेली. बाजार कलमेबद्दलचा गैरसमज याच जातीचा आहे. व्यंगचित्राला ओळखीचा एक माणूस लागतो. गंजिफातला राजा म्हणजे पद किंवा देव.

स्वस्त छापील बावन्न पानांपुढे हाती रंगवलेला संच मागे पडला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा शिकवली जाऊ लागली, पण ग्राहक बदलला होता. आता संच खेळायला कमी, काचेत ठेवायला जास्त घेतला जातो. इस्पिक-बदामाचे गोल संचही होतात. कडेचा हिशेब संपल्यामुळे मधल्या चेहऱ्याला प्रथमच भाव आला आणि व्यंगाला जागा झाली. ती वापरायची तर बावन्न पानी संचातला गुलाम आणि जोकर बरे. चेहरा समोरून न काढता बाजूने काढावा, नाक-हनुवटीची रेषा पुसट जमिनीवर गडद ठेवावी आणि अंक कडेपासून आत घ्यावा, कारण गोल पत्त्याची कड आधी झिजते. दशावतारी संचात मात्र ओळखीचे तोंड घातले तर १० राजांपैकी कोणता अवतार कोणाला द्यायचा, यावरच भांडण सुरू होईल.