पंचगंगा खोऱ्यातील छोट्या जलविद्युत जागा : पार्श्वभूमी

पंचगंगेच्या खोऱ्यात छोट्या जलविद्युतसाठी जागा पाहायच्या तर आधी शेतीच्या पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. भोगावतीवरचे राधानगरी धरण संस्थानकाळात सुरू झाले, रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पायथ्याला 1.2 मेगावॅटचे चार वीजनिर्मिती संच बसले, म्हणजे एकूण 4.8 मेगावॅट. तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांवरची धरणे नंतरची. पावसाळा सरला की पाणी कधी सोडायचे हे सिंचनाच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या पाळीवर ठरते; वीज त्याच्या मागून येते.

गुंता झाला तो 25 मेगावॅटच्या रेषेने. पूर्वी 3 मेगावॅटपर्यंतचेच प्रकल्प अपारंपरिक ऊर्जेत धरत. 1999 मध्ये ही मर्यादा 25 वर नेली. 2005 मध्ये राज्याने खासगी विकासकांसाठी धोरण आणले आणि 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत 25 च्या आतल्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय पूर्वमंजुरीची गरज राहिली नाही. वनजमिनीची परवानगी तेवढी कायम राहिली. पण मेगावॅट हे यंत्राचे माप आहे, नदीचे नाही. शेजारच्या दूधगंगेवर काळम्मावाडीला सुमारे 25 टीएमसीचे (अब्ज घनफूट) धरण आहे आणि पायथ्याला 24 मेगावॅटचे वीजगृह. एवढा पसाराही कागदावर ‘लघु’च! शिवाय प्रत्येक जागेचा अहवाल सुटा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी चिखलीपर्यंत एक होतात, तरी खोरे एकत्र मोजायचे बंधन या रेषेखाली कुणावरच उरले नाही. माझ्या मते मोठी चूक झाली ती इथेच.

मोजणीत फसगतही सहज होते. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटते, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 घनमीटर. 30 मीटर हेड (पाणी पडण्याची उंची) आणि 85 टक्के कार्यक्षमता धरली तर एवढ्या पाण्यातून 10 मेगावॅट निघावेत. जुन्या चारही संचांच्या दुप्पट! मात्र दरवाजे उघडतात ते पावसाळ्यातले मोजके दिवस. तेवढ्यासाठी बसवलेले यंत्र उरलेले वर्ष बसून राहणार. म्हणून जागेची किंमत पुराच्या आकड्यावर नव्हे, वर्षभराच्या विसर्गावर ठरवायला हवी.

धरणांच्या वर दाजीपूरचे अभयारण्य. त्यामुळे अलीकडे नजर वळते ती खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांकडे. इथे अडचण उलटी आहे. पाऊस लागायच्या आत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या काढतात, त्यामुळे नदीला पाणी येते तेव्हाच अडवलेली उंची जाते. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचते तेव्हा बंधारा केव्हाच बुडालेला असतो, आणि वरच्या-खालच्या पातळीत टर्बाइन फिरवण्याइतका फरक राहत नाही. दिवाळीनंतर बरगे पुन्हा पडतात तेव्हा हेड मिळते, पण तोवर नदीत उरते ते आवर्तनाचे पाणी.