रिंकू सिंग क्रिकेटमधून बेसबॉलमध्ये गेला नाही

‘भारतीय क्रिकेट गोलंदाज 10 लाख डॉलर जिंकून अमेरिकेत बेसबॉल खेळला’ ही गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. ती चुकीची आहे. उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग भालाफेकपटू होता. त्याच नावाचा क्रिकेटपटू वेगळा. बेसबॉलसाठी वेगाने चेंडू फेकणारे शोधायला भारतात झालेल्या 2008 च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत या भालाफेकपटूने सुमारे 140 किमी वेगाने चेंडू टाकला आणि 1 लाख डॉलर मिळवले.

भाल्याचा उपयोग झाला तो कोपरामुळे. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की चेंडू अवैध ठरतो. बेसबॉल आणि भालाफेकीत मात्र वाकलेलं कोपर झटक्यात उलगडूनच वेग येतो. अवघड होती अचूकता: 18.44 मीटरवर फलंदाजाजवळचा अरुंद पट्टा साधणं.

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करार केला, पण रिंकू मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्तरापर्यंत, पोहोचला नाही. त्याखालच्या मायनर लीगमधली त्याची मेहनत मात्र खरीखुरी.