भूल आणि आयसीयूची रेसिडेन्सी (सोलापूर)

भूलशास्त्राची रेसिडेन्सी म्हणजे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरनं तीन वर्षं भूल द्यायला आणि आयसीयू सांभाळायला शिकायचं, शिक्षण पण हेच आणि नोकरी पण हीच. कागदावर पदाचं नाव कनिष्ठ निवासी, बोलताना जेआर वन, जेआर टू, जेआर थ्री. सोलापुरात १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे पद मिळतं, म्हणजे गावाच्या भाषेत सिव्हिलला (छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय एवढं मोठं नाव रिक्षावाल्याला कोण सांगत बसणार). प्रवेश नीट-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून, अर्ध्या जागा ऑल इंडिया कोट्याच्या, अर्ध्या राज्याच्या, आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मराठीत भूल म्हणजे चूक पण, त्यामुळे या विभागात तोच तो विनोद फिरत असतो, त्यात आता काही दम राहिला नाही.

सुरुवातीचे महिने जातात पीएसीत, म्हणजे ऑपरेशनआधीची तपासणी. तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, घसा किती दिसतो बघायचं, त्यावरून श्वासनलिकेत नळी टाकायला त्रास होईल का याचा अंदाज. ही मॅलमपती टेस्ट, १९८५ साली ती मांडणारे डॉक्टर मूळचे आंध्रचे. सोलापुरात नुसत्या मराठीवर ती होत नाही, अक्कलकोट-विजयपूरकडची आजी आली की कानडीत "बाय तेगीरी" आणि शहराच्या पूर्व भागातली आली की तेलुगूत "नोरु तेरवंडी", म्हणजे तोंड उघडा, म्हणावं लागतं, बाहेरून आलेला जेआर औषधांचे डोस पाठ करायच्या आधी ही दोन वाक्यं मावशींकडून शिकून घेतो. मग उपाशीपोटीचा प्रश्न. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ऐन टेबलावर घ्यायच्या वेळी नातेवाईक सांगणार, "काय नाय दिलं ओ, दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं फक्त." भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून केस पुढं ढकलतात आणि शिव्या खायला जेआर वन असतोच.

आयसीयू भूलवाल्यांकडं कसं आलं याला इतिहास आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं जायला लागली, तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं ऑपरेशन थिएटरातलीच युक्ती वॉर्डात आणली, गळ्याला भोक पाडून नळी आणि हातानं पिशवी दाबून श्वास, पिशवी दाबायला मेडिकलची पोरं पाळीपाळीनं बसवली. आधुनिक आयसीयूची सुरुवात तिथून धरतात.

आपल्याकडं या दोन कामांचं नातं सगळ्यात नीट कळतं ते विषबाधेच्या केसमध्ये. शेतीचा जिल्हा, "औषध पिलंय" म्हणून पेशंट येतो आणि ते बऱ्याचदा ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असतं. तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उताऱ्याचं अॅट्रोपिन चालूच, आणि नळी टाकायची घाई. एरवी घाईत स्कोलीन, म्हणजे नळी टाकण्यापुरते स्नायू लुळे पाडणारं इंजेक्शन, मारतात कारण त्याचा असर काही मिनिटांत उतरतो, रक्तातलं एक एन्झाइम त्याला मोडून टाकतं. कीटकनाशकानं नेमकं तेच एन्झाइम बंद पाडलेलं असतं, म्हणजे स्कोलीन दिलं तर माणूस मिनिटांऐवजी तासन्‌तास लुळा. म्हणून दुसरं औषध घ्यायचं. आणि पेशंट सुधारला म्हणून लगेच निर्धास्त व्हायचं नाही, एक ते चार दिवसांत मान, दंड आणि श्वासाचे स्नायू परत ढिले पडू शकतात, म्हणून राउंडला सारखं विचारतात, "मान उचला, धरून ठेवा." भूल उतरली का हे बघायला थिएटरमध्ये पण हेच, पाच सेकंद मान वर. मला विचाराल तर ही पाच सेकंदं ज्याला नीट बघता आली त्याची अर्धी रेसिडेन्सी झाली.

ड्युटीबद्दल काय लिहायचं. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत, प्रत्यक्षात ते कुठं आणि रात्रीचं सिझर, हायवेचा अॅक्सिडेंट, व्हेंटिलेटरचा अलार्म कुठं, मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, संपांत हा मुद्दा उगाच येत नाही. यातच थिसिस, आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग.

एमडी झाल्यावर सरकारी कॉलेजवाल्यांना बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, मग कुणी सिनियर रेसिडेंट, कुणी क्रिटिकल केअरचं तीन वर्षांचं डीएम करायला परत परीक्षेला, कुणी अतिदक्षतावाल्यांच्या संघटनेचा आयडीसीसीएम डिप्लोमा करतं. बाकीचे फ्रीलान्स, म्हणजे सकाळी एका नर्सिंग होमला सिझर, दुपारी दुसरीकडं हर्निया, लॅरिंगोस्कोप (नळी टाकताना घसा बघायचं यंत्र) आणि नळ्यांची बॅग कायम गाडीच्या डिकीत.