गाणारं नाटक लिहिणाऱ्याचा मान

हिवाळ्यात नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या नाट्यगृहांत राज्य नाट्य स्पर्धेची लगबग असते. निकाल लागला की गावोगावचे रंगकर्मी यादी वरपासून खालपर्यंत वाचतात: निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनय. संगीत नाटक असेल तर गायन आणि संगीत दिग्दर्शनाची त्यात भर पडते. पण ज्याने ते गाणारं नाटक लिहिलं, कुठे बोलायचं आणि कुठे गायचं हे आधी कागदावर ठरवलं, त्याच्या कामाची वेगळी दखल कधीपासून घेतली जाऊ लागली? हे पाहायला थोडं मागे जावं लागतं, आणि थोडं लांबही.

लांब म्हणजे न्यूयॉर्कला. १९३२ मध्ये नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक पहिल्यांदा एका संगीतिकेला मिळालं. ‘ऑफ दी आय सिंग’ हे तिचं नाव. पारितोषिक जॉर्ज कॉफमन, मॉरी रिस्किंड आणि गीतकार आयरा गर्श्विन या तिघांना विभागून दिलं गेलं. संगीतकार होता आयराचा सख्खा भाऊ जॉर्ज गर्श्विन, आणि त्याचं नाव वगळलं गेलं. पारितोषिक नाट्यलेखनाचं, तेव्हा शब्द लिहिणारे आत आणि सूर लिहिणारा बाहेर, असा तो हिशोब होता. जॉर्ज पुढे पाचच वर्षांनी गेला. पुलित्झर मंडळाने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला तो १९९८ मध्ये. आपल्याकडे तक्रार बहुधा उलटी असते, गायक-संगीतकार लक्षात राहतात आणि लेखक विसरला जातो. म्हणून ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. गाणाऱ्या नाटकाचे तुकडे करून मान द्यायला गेलं की कोणावर तरी अन्याय होतोच, मग तो शब्दवाला असो की सूरवाला.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवरच्या नाटकांना दिले जाणारे टोनी पुरस्कार १९४७ मध्ये सुरू झाले. संगीतिकेच्या संहितेसाठी त्यांनी वेगळा पुरस्कार दिला तो १९४९ मध्ये, ‘किस मी, केट’साठी बेला आणि सॅम्युअल स्पेवॅक या जोडप्याला. पुढच्या वर्षी तो ‘साउथ पॅसिफिक’च्या लेखकांना मिळाला. त्यानंतर १९६२ पर्यंत हा पुरस्कार दिलाच गेला नाही. लेखकाचा वाटा सर्वोत्कृष्ट संगीतिकेच्या पुरस्कारातच धरला जाई. ब्रॉडवेच्या भरभराटीची कितीतरी वर्षं त्यात निघून गेली.

१९८३ चा निकाल तर अभ्यासावा असा आहे. त्या वर्षी संहितेचा टोनी ‘कॅट्स’साठी टी. एस. एलियट यांना मिळाला. एलियट १९६५ मध्येच वारले होते. त्यांनी ‘कॅट्स’ नावाची संगीतिका कधी लिहिलीच नव्हती. मांजरांवरच्या त्यांच्या कविता १९३९ च्या पुस्तकातल्या, आणि त्यांवरून पुढे रंगमंचावरचा प्रयोग उभा राहिला. पुरस्कार घ्यायला त्यांच्या पत्नी व्हॅलरी आल्या. संवाद जवळजवळ नसलेल्या नाटकाला संहितेचा पुरस्कार कसा, हा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की कविता थोर असल्या तरी त्या ओळीने लावल्याने संहिता होत नाही. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यापर्यंत पात्राला नेणारी गरज लिहावी लागते, आणि अशा पुरस्काराने पाहायला हवं ते हेच.

मराठीत ही गरज ओळखणारे लेखक फार आधीपासून आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. त्या काळी नाटककार पदंही स्वतःच रचायचा, त्यामुळे संहिता कुणाची आणि पदं कुणाची, असा वाद उद्भवत नसे. देवलांच्या ‘शारदा’मध्ये ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद येतं तेव्हा म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचा थरकाप त्या पदातच आहे. ते पद काढलं तर प्रवेश लंगडा पडेल.

पुढे कामं वाटली गेली. ‘एकच प्याला’ राम गणेश गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक पुढच्याच महिन्यात रंगमंचावर आलं. स्वतःचं नाटक लोकांनी कसं घेतलं हे त्यांना कळलं नाही. न्यूयॉर्कमध्ये जोनाथन लार्सनच्या वाट्याला हेच आलं. ‘रेंट’ या त्याच्या संगीतिकेचा पहिला प्रयोग प्रेक्षकांपुढे व्हायचा त्याच दिवशी, २५ जानेवारी १९९६ ला, तो वारला, आणि त्या वर्षी संहिता व संगीत असे दोन्ही टोनी त्याला मरणोत्तर मिळाले. गडकऱ्यांच्या काळी असा कुठला पुरस्कारच नव्हता. आज महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत नाटक-एकांकिकेचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पण तो छापील पुस्तकाला. गद्य नाटक आणि संगीत नाटक एकाच रांगेत, आणि पुस्तक निघालंच नसेल तर रांगेत जागाही नाही. किर्लोस्करांच्या नावाने संगीत रंगभूमीसाठी राज्याचा जीवनगौरव आहे. तो मोलाचाच आहे, पण आयुष्यभराच्या सेवेचा. एखाद्या नव्या संहितेचा नव्हे.

आता मराठवाड्याकडे वळू. संगीत रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगली, पुणे, मुंबई आणि बडोद्याची नावं येतात, आमचं नाव क्वचित येतं. त्याला राजकीय कारणही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची, उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी नाटकाला सरकारदरबारचा आधार नव्हता. मुंबई राज्याने नाट्य स्पर्धा सुरू केली १९५४ मध्ये. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे मराठी नाटकाला सरकारी बक्षिसं मिळू लागली तेव्हा आम्ही त्या राज्याच्या नकाशातच नव्हतो.

पण गाऊन नाटक करणं इथे नवं नव्हतं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशी माणसं त्यांनी त्यांच्या वेशात आणि बोलीत उभी केली. ‘विंचू चावला’ नीट पाहा. भारुडकरी कळवळत, पाय धरत येतो. साथीदार विचारतो, काय झालं रे? उत्तर गाण्यात येतं: ‘विंचू चावला वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला.’ मग पुन्हा बोलणं, लोकांना हसवणं, कुठे चावला, कसा चढला याची विचारपूस. आणि शेवटी उतारा, तोही गाण्यात: तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा. आधी दुखणं, मग निदान, मग औषध. बोलणं गोष्ट पुढे ढकलतं आणि जिथे बोलणं अपुरं पडतं तिथे गाणं सुरू होतं. संहिता यापेक्षा वेगळं काय करते? तरीही भारुड अभंगगाथेत गेलं, भक्तिवाङ्मयात मोजलं गेलं. नाट्यलेखन म्हणून त्याचा विचार अभ्यासकांपुरताच राहिला.

तमाशाच्या वगाचं, म्हणजे त्यातल्या कथानाट्याचं, तर याहून कठीण. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड उभे राहतात. गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. फलकावर फडमालकाचं नाव ठळक, त्याखाली कलावंतिणींची नावं, सोंगाड्याचं नाव. वग कुणी रचला हे शोधावं लागतं. पुष्कळ वग छापलेच गेले नाहीत. ते वहीत राहिले, नाहीतर पाठांतरात. छापील पुस्तकाला मिळणारा पुरस्कार त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?

मराठवाड्याला संगीत रंगभूमीचा मान मिळाला तो २००९ मध्ये, बीडच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनात. अध्यक्ष होते गायक-नट रामदास कामत. संगीत नाटकाच्या माणसाचं अध्यक्षपद आमच्या मातीत गाजलं, याचा आनंद इथल्या रंगकर्मींना होता. मात्र संगीत नाटक म्हणजे गायक, हे समीकरण त्यातून आणखी पक्कं झालं असं मला वाटतं.

ते समीकरण मोडलं २०१२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने. लेखक राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे, शेती करणारे. संकल्पना, गीतं आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि बरेचसे कलाकार जालन्याकडचेच. नाटकात पोवाड्यांचा सामना होतो. शिवाजी महाराज कुणाचे, हा वाद दोन बाजूंचे शाहीर गाऊन लढवतात. संवादात हाच वाद घातला असता तर ती सभेतली भाषणं झाली असती. तो गाण्यात लढवायचा हा निर्णय लेखनाचा आहे. तांगडेंची भाषा आणि भगतांचं गाणं एकमेकांपासून सोडवून दाखवा म्हटलं तर जमणार नाही. इथे लेखनाला वेगळे गुण, गीतांना वेगळे, असा कारभार करून चालायचं नाही. दोन नावांना मिळून एक मान द्यायला हवा.

राज्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे, आणि तिथे जुनी, ओळखीची नाटकं पुन्हा उभी करणाऱ्या संस्था असतात. त्यांनी ती केली नसती तर आजच्या मुलांना ‘सौभद्र’ प्रत्यक्ष पाहायला मिळालं नसतं. पण जुन्या संहितेचा लेखक बक्षिसाला उरलेला नसतो. नवी संहिता यायची असेल तर जालना-परभणीतल्या लिहिणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात: हस्तलिखित चालेल अशी अट, संहिता आणि पदं यांना एकत्र गुण, आणि परीक्षकांनी निर्णय देण्याआधी पाहिलेला प्रयोग. वगाची वही, भारुडाचं टाचण किंवा शाहिराने रचलेलं दोन अंकी नाटक यांपैकी काहीही त्या अटींत बसेल.