कंजूषपणाचे इंग्रजी शब्द

पैसा सोडायला, द्यायला किंवा वाटून घ्यायला नाखूश असण्याला इंग्रजीत डझनभराहून अधिक शब्द आहेत. स्टिंजी, मायझर्ली, मीन, टाइट, चीप, पार्सिमोनियस, पेन्यूरियस, मिंजी ही विशेषणे झाली. माणसाला लावायची नामे वेगळीच. इंग्रजी–मराठी कोशात यांतले बहुतेक ‘कंजूष, कृपण’ या एकाच जोडीखाली जमा होतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. यांच्यात अर्थाचा फरक थोडा, वापराचा मोठा. बोलणारा ब्रिटिश आहे की अमेरिकन, शब्द तोंडावर म्हणायचा की पाठीमागे, आणि राखून ठेवलेली वस्तू पैसा आहे की कौतुक, यावर निवड ठरते.

यांतला सर्वांत बिनधोक शब्द ‘स्टिंजी’. तो ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि भारतीय इंग्रजीतही सारखाच समजतो, आणि पैशाबरोबर वेळ, कौतुक, लोणी, मीठ अशा कशालाही चालतो. ज्या गोष्टीत हात आखडतो तिच्याआधी ‘विथ’ येते: ‘स्टिंजी विथ मनी’, ‘स्टिंजी विथ प्रेझ’. मराठी बोलणाऱ्याकडून इथे ‘इन’ पडते, कारण आपण ‘कौतुकात कंजूष’ म्हणतो. दुसरी चूक उच्चाराची. अक्षरे पाहून ‘स्टिंगी’ म्हटले जाते; पण त्या उच्चाराचा, त्याच स्पेलिंगचा एक वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘झोंबणारा, चुरचुरणारा’. डोळ्यांत घालायचे औषध स्टिंगी असू शकते, काकासाहेब स्टिंजी. गंमत अशी की कंजूषपणाचा ‘स्टिंजी’सुद्धा बहुधा डंखाच्या ‘स्टिंग’पासूनच आलेला आहे.

‘मायझर’ हे नाम आहे, विशेषण नाही. ‘ही इज व्हेरी मायझर’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते ‘ही इज अ मायझर’ किंवा ‘ही इज व्हेरी मायझर्ली’ असे हवे. आणि शेवटी ‘ली’ दिसत असले तरी ‘मायझर्ली’ हे क्रियाविशेषण नव्हे. ‘ही स्पेंड्स मायझर्ली’ चुकीचे, ‘इन अ मायझर्ली वे’ बरोबर. लॅटिनमध्ये ‘मिझेर’ म्हणजे दुःखी, केविलवाणा. ‘मिझरी’ आणि ‘मिझरेबल’ त्याच मुळाचे. इंग्रजीतही सोळाव्या शतकात मायझर म्हणजे आधी दीनवाणा माणूस होता. पैसा असून हाल काढणारा तो पुढे झाला. हा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा, कारण ‘कृपण’ शब्दानेही हीच वाट धरली आहे. गीतेतल्या ‘कृपणाः फलहेतवः’मध्ये कृपण म्हणजे चिक्कू नव्हे, दयेला पात्र असा दीन. म्हणून मायझरला सर्वांत जवळचा मराठी शब्द कृपणच. मात्र त्यातला साठवून ठेवण्याचा हव्यास ‘कवडीचुंबक’मध्ये जास्त उतरतो. नुसता खर्च टाळणारा मायझर ठरत नाही, त्याच्याकडे साठा लागतो. लोभ ही आणखी वेगळी गोष्ट: ‘ग्रीडी’ आणि ‘अ‍ॅव्हरिशस’ माणसाला मिळवायचे असते, मायझरला सोडायचे नसते.

खरी फसगत होते ती ‘मीन’ आणि ‘चीप’ या दोन छोट्या शब्दांत.

ब्रिटनमध्ये ‘मीन’ म्हणजे कंजूष: ‘ही इज मीन विथ हिज मनी’. अमेरिकेत त्याच शब्दाचा रोजचा अर्थ दुष्ट, खाष्ट. ‘माझा घरमालक मीन आहे’ असे लीड्सला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तो थंडीत हीटर लावू देत नाही. शिकागोत म्हटले, तर वाटेल की तो अंगावर ओरडतो. संदिग्धता टाळायची तर ‘विथ मनी’ जोडावे, किंवा सरळ स्टिंजी म्हणावे. हा मीन जुन्या इंग्रजीतल्या ‘सामाईक, सगळ्यांचा’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. सामाईक म्हणून साधारण, साधारण म्हणून हलके, हलके म्हणून कोत्या मनाचे, अशी त्याची घसरण झाली. सरासरी दाखवणारा गणितातला ‘मीन’ आणि ‘अर्थ असणे’ हे क्रियापद यांच्याशी त्याचे नाते नाही, स्पेलिंग तेवढे एक. उलट ‘नो मीन कुक’ म्हटले की ती स्तुती असते: स्वयंपाकात काही कमी नाही, असा तिचा अर्थ.

‘चीप’चे मूळ बाजारात आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘सौदा, व्यापार’ या अर्थाचा शब्द होता. लंडनच्या ‘चीपसाइड’ रस्त्याचे नाव तिथल्या मध्ययुगीन बाजारावरून पडले, आणि त्याला मिळणाऱ्या ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट या गल्ल्यांची नावे अजून तीच आहेत. चांगल्या सौद्याला ‘गुड चीप’ म्हणत. त्यातला ‘गुड’ गळाला आणि चीप म्हणजे स्वस्त झाले. अमेरिकेत हाच शब्द माणसाला लागला की कंजूष. तिथल्या हॉटेलात बिलाच्या १५ ते २० टक्के टिप ठेवायची रीत आहे. ५० डॉलरच्या बिलावर ३ डॉलर ठेवून उठणाऱ्याला वेटर मनात ‘चीप’ म्हणतो. त्याच माणसाला ब्रिटिश ‘टाइट’ म्हणेल. मराठी शहरी बोलण्यात मात्र ‘किती चीप वागतो!’ म्हणजे हलकट, अभिरुचीहीन. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या भाच्याने ‘आत्या इज सो चीप’ म्हटले की पुण्यातले घर उगाच दुखावते. अर्थात, आत्या चिक्कू आहे हे कळल्यावर ते फार सुखावते असेही नाही.

‘टाइट’ आणि ‘टाइट-फिस्टेड’ समजायला मराठी माणसाला कष्ट नाहीत: मूठ घट्ट, हात आखडता. पण नुसत्या टाइटचा जुना बोली अर्थ ‘झिंगलेला’ असाही आहे. ब्रिटनमधला ‘मिंजी’ हा घरगुती, थोडा लाडिक शब्द. केकचा तुकडा लहान कापणाऱ्याला तो शोभतो, कामगारांचे वेतन कापणाऱ्याला नाही.

‘पार्सिमोनियस’ लेखी भाषेतला. परदेशी प्रवेशपरीक्षांची तयारी करणारे तो पाठ करतात आणि मग गप्पांत वापरतात, तिथे तो कोटटाय घालून पिठलं-भाकरीला बसल्यासारखा दिसतो. त्याचे लॅटिन मूळ ‘राखणे, जपून वापरणे’ असे आहे. माणसाला लावला तर दोष. पण शास्त्रात मात्र कौतुक. कमीत कमी गृहीतकांत उलगडा करणारा सिद्धान्त, कमी घटकांत काम भागवणारे सांख्यिकी प्रारूप, कमीत कमी बदल मानणारा जीवजातींचा वंशवृक्ष, हे सगळे पार्सिमोनियस. तिथे भाषांतर ‘मितव्ययी’ किंवा ‘काटेकोर’ असे करावे. ‘कंजूष प्रारूप’ हास्यास्पद होते. ‘पेन्यूरियस’ शक्यतो टाळावा. त्याचे दोन अर्थ आहेत, कंगाल आणि कंजूष, आणि वाक्यावरून कोणता ते बहुतेक वेळा कळत नाही.

नामांमध्ये ‘स्किनफ्लिंट’ सर्वांत चित्रमय: गारगोटीचीही साल काढू पाहणारा. ‘टाइटवाड’ आणि ‘चीपस्केट’ अमेरिकन, ‘पेनी-पिंचर’ दोन्हीकडचा. ‘स्क्रूज’ हे डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेतल्या सावकाराचे आडनाव. कथेच्या शेवटी तो सुधारतो, मोठा टर्की पक्षी घेऊन कारकुनाच्या घरी पाठवतो. पण भाषेने त्याचा पूर्वार्धच उचलला. नाताळात ‘डोन्ट बी अ स्क्रूज’ हे थट्टेत चालते, एरवी बोचते.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘फ्रूगल’ आणि ‘थ्रिफ्टी’. हे दोष नव्हेत, गुण. ‘थ्रिफ्ट’ हा ‘भरभराट होणे’ या अर्थाच्या ‘थ्राइव्ह’चा भाऊ, म्हणजे काटकसरीने आलेली सुबत्ता. ओळखण्याची खूण सोपी: झळ कोणाला बसते? एकच कोट दहा वर्षे वापरणारा फ्रूगल. पाहुण्यांना अर्धा कप चहा देणारा स्टिंजी. शिफारसपत्रात ‘इकॉनॉमिकल’ किंवा ‘थ्रिफ्टी’ लिहिता येते. ‘पेनी-पिंचिंग’ लिहिले तर उमेदवाराचे काम बिघडलेच म्हणून समजा.

एक शब्द माहीत असावा, पण वापरू नये: ‘निगर्डली’. तो बहुधा स्कँडिनेव्हियन मुळाचा आणि चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काळापासूनचा आहे. कृष्णवर्णीयांसाठीच्या शिवीशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध नाही, मात्र ध्वनी तिच्यासारखा आहे. जानेवारी १९९९मध्ये वॉशिंग्टन शहराच्या महापौरांच्या एका सहाय्यकाने अंदाजपत्रकाबद्दल बोलताना तो वापरला, गदारोळ झाला आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे त्याला प्रशासनात पुन्हा घेण्यात आले. शब्दाचा अर्थ बरोबर होता, पण आज तो कोणी बोलत नाही ते त्या ध्वनीमुळे. ज्यू किंवा स्कॉटिश लोकांच्या नावाने कंजूषपणा सांगणारे प्रयोगही आता अपमानकारक मानले जातात. मराठीत कोणाला ‘मारवाडी’ म्हणून हिणवणे याच जातीचे.

क्रिया सांगायची तर ‘स्किम्प ऑन’ आणि ‘स्टिंट ऑन’: गवंड्याने सिमेंटात हात आखडला, तर तो ‘स्किम्प्ड ऑन सिमेंट’. ‘स्क्रिम्प अँड सेव्ह’मध्ये मात्र सहानुभूती असते, पोटाला चिमटा काढून मुलांची फी भरणाऱ्या आईबापांसाठी तो प्रयोग आहे. दिलेली रक्कमच क्षुल्लक असेल तर ‘पॉल्ट्री’, ‘मीगर’ किंवा ‘मीझली’. मीगर फ्रेंचमधल्या ‘हडकुळा’ या शब्दातून आला, आणि मीझली म्हणजे मुळात अंगावर गोवर उठलेला. अमेरिकन वेटरच्या ३ डॉलरांना हा शेवटचा शब्द फिट बसतो.

पैशाचा संबंध नसलेली कंजूषी सांगणारा एक प्रयोग न्यायालयातून रूढ झाला. १९८६मध्ये सिडनीतल्या एका खटल्यात ब्रिटिश सरकारचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी एका पत्राबद्दल ‘बीइंग इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ’ असे शब्द काढले. कल्पना जुनीच होती, पण तेव्हापासून ‘सत्याबाबत काटकसरी’ म्हणजे खोटारडा म्हणण्याची सभ्य रीत झाली.