हळदीतले कर्क्युमिन आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू : पार्श्वभूमी

सांगलीत हळदीचे सौदे निघतात तेव्हा मुरलेला खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. अर्क काढणाऱ्या कारखान्यासाठी माल घेणारा मात्र कर्क्युमिनची टक्केवारी विचारतो. हा पिवळा घटक वाळलेल्या हळदीत वजनाच्या साधारण ३ टक्के भरतो. तो १८१५ मध्ये वेगळा काढला गेला आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. पोटात गेल्यावर त्याचे काय होते, याकडे मात्र बराच काळ फारसे लक्ष गेले नाही.

१९७८ मध्ये उंदरांना तोंडावाटे कर्क्युमिन देऊन पाहिले, तेव्हा त्यातले सुमारे ७५ टक्के विष्ठेतून बाहेर पडले आणि रक्तात नाममात्र सापडले. येथूनच ‘जैवउपलब्धता’ या शब्दाचा गुंता सुरू झाला. गिळलेल्या मात्रेपैकी किती भाग मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतो, एवढेच हा शब्द सांगतो. ज्या गोळीचे काम रक्तातून दुखऱ्या भागापर्यंत पोहोचणे हे आहे, तिच्यासाठी ही कसोटी योग्यच आहे. तीच कसोटी अन्नघटकाला लावली गेली आणि जे रक्तात दिसले नाही ते वाया गेले, असे मानण्याची सवय पडली. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर माणसांत जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. हा आकडा आजही गोळ्यांच्या जाहिरातीत झळकतो. पिपरिन हे साधते ते कर्क्युमिनवर प्रक्रिया करून ते शरीराबाहेर टाकण्याची व्यवस्था मंदावून, हे तितक्या ठळकपणे सांगितले जात नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. त्यातल्या काही गोळ्या शोषण वाढवण्यासाठीच बनवलेल्या होत्या, आणि पुढे तिथे वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले. रोजच्या आमटीतल्या चिमूटभर हळदीशी या प्रकरणाचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

ज्याला वाया गेले म्हटले, ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. २०११ मध्ये माणसाच्या विष्ठेतून मिळवलेल्या ई. कोलाय जिवाणूत असे एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम) सापडले, जे कर्क्युमिनचे दोन टप्प्यांत क्षपण करते, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडते, आणि शेवटी टेट्राहायड्रोकर्क्युमिन तयार होते. कपड्यावर पडला की सहजी न निघणारा हळदीचा पिवळा रंग या रूपात जवळजवळ नाहीसाच होतो. त्यामुळे केवळ मूळ कर्क्युमिन मोजणाऱ्या तपासणीला हे पदार्थ दिसत नाहीत. शरीरावर जो परिणाम दिसतो तो हळदीच्या रेणूचा की जिवाणूंनी घडवलेल्या रेणूचा, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडीच्या डाळिंबाने हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. डाळिंबातल्या एलाजिटॅनिन या तुरट घटकांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात; परंतु सर्वांच्या आतड्यात ते सारखे बनत नाही. २०१४ मध्ये यावरून माणसांचे तीन गट मांडले गेले : दोन गटांत युरोलिथिनांचे प्रकार वेगवेगळे असतात, तर तिसऱ्यात या प्रक्रियेच्या शेवटी बनणारी युरोलिथिने तयारच होत नाहीत. पूर्वीच्या चाचण्यांत हे तिन्ही गट एकत्र धरून सरासरी काढली जात असे, आणि ‘डाळिंबाचा परिणाम किरकोळ’ अशा निष्कर्षांपैकी काही त्या सरासरीमुळेच निघालेले असावेत.