पार्श्वभूमी : संत्र्याच्या वाळलेल्या बागा आणि खुंटाचा वाद

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची झाडं वाळायची, पुढच्या पावसाळ्यात तिथेच नवी कलमं लागायची, हे अनेक वर्षं चालत आलं आहे. भोसल्यांच्या काळात विदर्भात आलेलं हे पीक फार पुढे व्यापारी झालं. त्यानंतर कोळशीने, म्हणजे काळ्या माशीमागून पानाफळांवर चढणाऱ्या काळ्या बुरशीने, बागा काळ्या पडल्या. पण झाड मुळासकट नेणारा रोग डिंक्याच.

तो होतो फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की तंतुमुळं कुजतात, बुंध्यातून डिंक पाझरतो. झाड उपटलं तरी हा जीव मातीत राहतो. म्हणून त्याच खड्ड्यात, माती न बदलता नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावलं, की नवं कलमही सापडतं.

खरा वाद खुंटाचा, म्हणजे ज्या मूळ रोपावर कलम बांधतात त्याचा आहे. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, जंबेरी या लिंबाच्या रोपावर भरला जातो. जंबेरीचं रोप जोमाने वाढतं, लवकर डोळा भरण्याजोगं होतं. रोपवाटिकेला आणि शेतकऱ्यालाही ते सोयीचं. पण डिंक्याला ती लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगाला तुलनेने तग धरतो, पाण्याचा ताणही सोसतो. संशोधकांनी त्याची शिफारस केली, तरी बहुतेक कलमं जंबेरीवरचीच विकली गेली. शेतकऱ्याला हट्टी ठरवून हा प्रश्न मिटवणं मला अन्यायाचं वाटतं. बाजारात मिळतं तेच तो लावतो, आणि लहान कलम पाहून खुंट ओळखणं सोपं नसतं.

डोळ्याच्या उंचीचंही तेच. तो जमिनीपासून किमान 22 सेंमी वर हवा. खाली भरलेला किंवा लागवडीत मातीआड गेलेला डोळा रोगाला थेट वाट देतो, मग खुंट कोणताही असो.

2000 नंतर दुष्काळ आणि खोल जाणाऱ्या बोअरमुळे बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा पुनर्लागवडीला अनुदानाचा आधार आला. बुंध्यापासून पाणी दूर ठेवणारं दुहेरी आळं, बुंध्याला लावायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम, निर्जंतुक मातीतली पिशवीतली कलमं, हे सगळं त्याच सुमारास गावोगाव पोचलं. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 कलमं बसतात. ती मोजता येतात. खुंट कोणता, हे त्या मोजणीत दिसत नाही. चांगला बहार यायला पाचेक वर्षं लागतात आणि निवड चुकली असेल तर तेव्हाच कळतं.